तारा कुठे आहेत?

बस. विमान टेबलावर ठेव. हळू. आता एका प्रश्नाचं उत्तर दे. तारा कुठे आहेत?

"सर, तेवढ्या राहिल्यात."

राहिल्यात म्हणजे काय? आपल्या आपण मागे बसून राहिल्या? गणपती गेले, दिवाळी गेली, आणि तुझ्या तारा राहिल्यात. राहिल्या नाहीत, तू ठेवल्यास. चार वर्षं बघतोय. काही चुकलं की तुझ्या वाक्यातून तू गायब होतोस. दोरा तुटला. खांब तिरका बसला. भोकं पाडायची राहून गेली. आणि कॉकपिट? ते मात्र "मी केलं"! चांगल्या कामाला कर्ता आहे आणि चुकारपणाला नाही, हे कुठलं व्याकरण?

कॉकपिटचंच बोलू. तांदळाच्या दाण्याहून लहान घड्याळं आहेत त्यात. त्यांच्यावर तू काटे काढलेस. मी भिंग लावून पाहिलं, काटा काट्यासारखा आहे. प्रोपेलरवर ऑइल कलरनं लाकडाच्या रेषा ओढल्यास. फळ्या एकावर एक चिकटवून घडवलेला प्रोपेलर आहे हे लांबून कळतं. हे ज्या हातांनी केलं, त्या हातांना एक दोरा सरळ ताणता येत नाही? हे तू मला पटवतोयस? की स्वतःला?

ज्याला येत नाही त्याच्यावर मी आवाज चढवत नाही. परवा तो नवा पोरगा आला, पहिलंच किट, दोन पंखांची तोंडं दोन दिशांना. त्याला मी शब्दानं बोललो? शेजारी बसलो, पंख सोडवला, पुन्हा बसवून दिला. तुला बोलतोय, कारण तुला येतं. कळतं पण वळत नाही, असं लोक म्हणतात. तुझं त्याच्याहून वाईट आहे. तुला कळतंही आणि वळतंही. तुला फक्त कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्याला तू रोज नवं नाव देतोस.

त्या तारा शोभेच्या आहेत असं वाटतं का तुला? झालरीसारख्या? बायप्लेनला बायप्लेन कोण करतं? दोन पंख? पंख म्हणजे लाकडाच्या कांबी आणि वर ताणलेलं कापड. त्यांना स्वतःची ताकद ती किती! ऑक्टेव्ह शनूट हा रेल्वेचे पूल बांधणारा इंजिनीयर. त्याच्या १८९६ च्या ग्लायडरला त्यानं पुलाचीच विद्या लावली. वर एक आडवं, खाली एक आडवं, मध्ये उभे खांब आणि प्रत्येक चौकटीत तिरकी फुली. राइट बंधूंचं १९०३ चं विमान अशाच सांगाड्यावर उडालं. खांब दाब सोसतो, तार ताण सोसते. तारेला ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून जाणारी एक आणि येणारी एक, दोन्ही लागतात. हे तुला मी पहिल्या महिन्यात सुतळी आणि आइस्क्रीमच्या काड्या घेऊन दाखवलं होतं. एक सुतळी कापली आणि चौकट लुळी पडली. तेव्हा तूच ओरडलास, "सर, म्हणजे सगळा खेळ तारांचाच आहे!" कुठे गेला तो मुलगा?

फ्लाइंग वायर खालच्या पंखाच्या मुळापासून निघते आणि बाहेरच्या खांबाच्या माथ्याला जाते. हवेत पंख वर उचलले जातात, ते वरच्या वर दुमडू नयेत म्हणून. सगळा भार तिच्यावर, म्हणून ती बहुधा जोडीनं असते. लँडिंग वायर तिच्या उलट, वरून निघते आणि बाहेर खांबाच्या पायाशी उतरते. विमान जमिनीवर उभं असताना पंखांचं वजन ती पेलते. पुढच्या आणि मागच्या खांबांच्या मधली फुली म्हणजे इन्सिडन्स वायर, ती पंखाचा कोन राखते. सोपविथ कॅमलला प्रत्येक बाजूला एकच खण, म्हणजे खांब-तारांची एकच चौकट. तुझ्या या सोपविथ डॉल्फिनला दोन. म्हणजे काम दुप्पट. हे किट विकत घेतानाच तुला माहीत होतं ना? डब्यावरच्या चित्रात तारा दिसत होत्या ना?

रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये इंजिनाला फिटर असायचा आणि सांगाड्याला रिगर. रिगरचं आयुष्य या तारांत गेलं. ओळंबा सोडायचा, कोन मोजायचा, तार किंचित आवळायची, पुन्हा मोजायचं. सैल राहिली तर पंख डगमगतो, जास्त आवळली तर लाकडाचा कणा वाकतो. त्यानं "राहिल्यात" म्हटलं असतं तर? थंडीत, चिखलात, कंदिलाच्या उजेडात काम करायची ती माणसं. तू पंख्याखाली बसतोस, टेबलावर एलईडीचा दिवा आहे, आणि तुला अडचण आहे!

आता तुझ्या अडचणी एकेक घेऊ. पळवाट एकही ठेवणार नाही.

योग्य दोरा मिळत नाही म्हणतोस. परदेशातून इलॅस्टिकचा बारीक दोरा मागवलाय, येईल तेव्हा येईल. बरं. किटच्या डब्यात प्लॅस्टिकची ती चौकट आहे ना, जिच्यातून तू सुटे भाग कापलेस? तिचा वीतभर तुकडा घे. मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न लावता, फिरवत धर. मऊ पडून चकाकायला लागला की ज्योतीवरून बाजूला घे, क्षणभर थांब, आणि दोन्ही हातांनी एकसारखा ओढ. केसाएवढी तार निघते. पहिल्या चार तुटतील, पाचवी निघेल. खर्च शून्य. हे तू माझ्यासमोर केलेलं आहेस. दोरा डब्यात पडलाय आणि तू टपालाची वाट बघतोस. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तार आवळायचे टर्नबकल यायचेत म्हणतोस. पितळेचे, बाजरीच्या दाण्याएवढे, फार सुंदर असतात. पण डॉल्फिनच्या पंखांमधल्या तारांवर ते लागतात कुठे? ब्रिटिशांनी गोल तार सोडून चपटी, दोन्ही कडांना निमुळती तार धरली होती, कारण गोल तार हवेला फार अडवते. रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीवरून तिला राफ वायर म्हणत. तिच्या टोकालाच आटे असतात. टर्नबकल दिसतील ते जर्मन विमानांवर, अल्बाट्रॉसवर. म्हणजे जी वस्तू या विमानाला लागतच नाही, तिच्यासाठी तू दोन महिने थांबलायस. अभ्यास कमी पडला म्हणू? नाही. सोयीचा अभ्यास केलास. थांबायला कारण मिळेपर्यंत वाचलंस आणि पुस्तक मिटलंस.

डोळे म्हणतोस. घड्याळाचे काटे कुणाच्या डोळ्यांनी काढलेस?

वेळ म्हणतोस. पंखाच्या बुडाला तेलाचे ओघळ आणि चिखलाचे शिंतोडे दाखवण्यात तू तीन संध्याकाळी घालवल्यास. मला फोटो पाठवलेस, रात्री साडेअकराला. वेळ होता. आवडीच्या कामाला होता.

आणि आता ती शेवटची सबब, जी तू मला नाही, त्या नव्या पोराला सांगितलीस आणि माझ्या कानावर आली. "बघणाऱ्याला काय कळतंय?" हे वाक्य मला फार लागलं. बघणाऱ्याला अडाणी ठरवायचं आणि आपला आळस झाकायचा! बघणाऱ्याला तारांची नावं माहीत नसतील. पण तुझं विमान बघून त्याला काहीतरी ओकंबोकं वाटतंच, कपाळ मोकळं दिसावं तसं. काय कमी आहे ते त्याला सांगता येत नाही, एवढंच. आणि समजा, त्याला खरंच काही कळलं नाही. तुला कळतं ना? रात्री दिवा घालवताना त्या फळीकडे तुझी नजर जाते ना? मग ते विमान तू सगळ्यात वरच्या फळीवर का ठेवलंयस? फोटो काढताना प्रत्येक वेळी वरून, एकाच कोनातून का काढतोस, की खांबांमधली रिकामी जागा दिसूच नये? स्वतःच्या डोळ्यांत धूळ टाकायला एवढी मेहनत! त्याच्या निम्म्या मेहनतीत दोन खण ओवून झाले असते.

अजून एक गोष्ट आहे. तुला वाटतं, ती मला कळली नाही.

वरचा पंख चिकटवण्याआधी भोकं पाडायची, ०.३ मिलिमीटरच्या बिटनं, तार ज्या दिशेला जाणार त्या तिरक्या कोनात. दोरे आधी वरच्या पंखात अडकवायचे आणि मगच पंख बसवायचा. हे मी तुला किती वेळा सांगितलं? तू पंख चिकटवलास तेव्हा हे विसरला होतास? नाही. तुला पक्कं आठवत होतं. हातड्रिल तुझ्या उजव्या हाताला पडलेलं होतं. तरी तू पंख बसवलास, कारण पंख बसला की "आता जमणार नाही, सर" म्हणता येतं. परतीचा रस्ता तूच बुजवलास आणि मग रस्ता नाही म्हणून रडलास. तारा न लावणं हा आळस झाला. हे मात्र ठरवून केलेलं आहे. मी चिडलोय तो यामुळे.

आणि आता म्हणे फोकर डी-सेव्हन घेतोयस. का? "सर, त्याला पंखांमध्ये तारा नाहीत." वा! फोकरच्या कारखान्यानं तारा काढल्या, कारण त्यांनी पंख जाड केला, आतला लाकडी कणा एवढा भक्कम केला की बाहेरच्या आधाराची गरजच उरली नाही. त्यांनी तार काढली आणि तिचं काम दुसऱ्याकडे सोपवलं. तू काय केलंस? तू तार काढलीस आणि तिचं काम कुणाकडेच दिलं नाहीस. डी-सेव्हन कर, जरूर कर, फार देखणं विमान आहे. पण एका विमानापासून पळून दुसऱ्याच्या आडोशाला जाऊ नकोस. पळणाऱ्याला तिसरं विमानही लागतं.

हे डॉल्फिन तू का निवडलंस, आठवतं? मला आठवतं. तू धापा टाकत आला होतास. "सर, आपल्या मुंबईचा एक मुलगा पहिल्या महायुद्धात लढाऊ विमान चालवत होता, आणि कुणाला माहीतच नाही!" लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंकर. केंब्रिजला शिकलेला. २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन चालवायचा. जून १९१८ मध्ये गस्तीवर गेला, परत आला नाही. फ्रान्सच्या मातीत आहे तो. त्याच युद्धातल्या इंद्रलाल रॉय या भारतीय वैमानिकाचं नाव निदान काही लोक घेतात, वेलिंकरचं तेवढंही नाही, म्हणून तू तळमळत होतास. त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता. घरी जाऊन सांगितलं मी.

डॉल्फिनमध्ये वैमानिक कसा बसायचा ते तूच मला समजावलंस. वरच्या पंखाच्या मध्यावर नुसती पोलादी नळ्यांची उघडी चौकट, त्यातून डोकं बाहेर. वरचा पंख खालच्यापेक्षा मागे. म्हणजे त्या माणसाच्या खांद्यांच्या दोन्ही बाजूंना पंख, आणि नजर बाजूला वळवली की तारा. उड्डाणभर त्याला त्या दिसत असणार, कानाला ऐकू येत असणार. पुढे टायगर मॉथ हे बायप्लेन चालवणारे जुने वैमानिक तारांमधून जाणाऱ्या वाऱ्याच्या आवाजावरून वेगाचा अंदाज घ्यायचे. आवाज पडला की नाक खाली करायचं. तार म्हणजे त्यांचा कान होता. वेलिंकरचा जीव ज्या तारांवर तोललेला होता, त्या तू गाळल्यास. आणि तळाच्या पाटीवर त्याचं नाव मात्र सोनेरी अक्षरांत लिहिलंस. ती पाटी लावायचा हक्क तुला आहे का? तूच सांग.

गप्प का? बरं, ते डावीकडचे दोन दोरे कसले?

हो, पाहिलेत मी. आल्या आल्या पाहिलेत. विमान आणण्याआधी काल रात्री घाईघाईनं लावलेस ना, सर ओरडतील म्हणून? मी जवळ जाऊन फुंकर मारली. दोरा हलला. तार फुंकरीनं हलते? वरच्या टोकाला सुपरग्लूचा थेंब साबुदाण्याएवढा सुजलाय, आणि त्याच्याभोवती तुझ्या इतक्या छान रंगवलेल्या पंखावर पांढरी बुरशी आल्यासारखा डाग. खालचं टोक खांबाच्या पायाशी नाही, पंखाच्या मधोमध, कापडावर. तिथे तारेला धरायला आहे काय? खरं विमान असतं तर पहिल्या झटक्यात ती तार कापड फाडून बाहेर आली असती. हे तुला कुणी शिकवलं? कुणीच नाही. मन ठिकाणावर नसलं की हात असंच करतात.

आणि जाडी? कुठला दोरा आहे? मासे पकडायच्या गळाचा, पाव मिलिमीटरचा. तुझं विमान ४८ पटींनी लहान केलेलं. मग पावाला ४८ नं गुण. तोंडी कर. बारा. बारा मिलिमीटर! शेजारच्या इमारतीच्या स्लॅबला बारा एमेमची सळई घालतात, बघितलीयस ना? ती तू वेलिंकरच्या पंखाला बांधलीस. सहा मिलिमीटर रुंदीची खरी तार धरली तरी तुझ्या मापात सव्वा दशांश मिलिमीटर येते, म्हणजे हे जे लावलंयस त्याच्या निम्मी. एवढं गणित तुला येत नाही असं नाही. करावंसं वाटलं नाही.

यापेक्षा रिकामं विमान आणलं असतंस तर बरं होतं. रिकामं विमान काम झालेलं नाही एवढंच सांगतं. हे दोन दोरे काम झाल्याचं सोंग करतात.

आता ऐक. रडका चेहरा करू नकोस, रस्ता आहे. भोकं नसली तरी रस्ता आहे, आणि तोही तुला माहीत आहे. कंपासपेटीतलं कर्कटक घे. एक टोक एका खांबाच्या माथ्याशी, दुसरं शेजारच्या खांबाच्या पायाशी. अंतर धर, तेवढी ओढलेली तार काप, किंचित कमी नाही, किंचित जास्त नाही. टोकांना फेव्हिकॉलचा ठिपका, सुईच्या अग्रानं. सुपरग्लू नको. फेव्हिकॉल सावकाश धरतो, म्हणून तार सरळ करायला वेळ देतो, आणि सांडला तर ओल्या काडीनं निघतो. सुरुवात आतून, धडाजवळच्या छोट्या खांबांपासून, मग बाहेर. बाहेरून सुरू केलंस तर आतली लावताना तुझाच हात बाहेरच्या तोडेल. आधी फुल्या, मग लँडिंग, शेवटी फ्लाइंग, जोडीनं. एखादी सैल पडली तर विझत आलेली उदबत्ती खालून लांबून फिरव. प्लॅस्टिक आखडतं, तार ताठ होते. जवळ नेलीस तर वितळेल. आणि मध्येच चिडलास तर उठ, पाणी पी, त्या दिवशी पुन्हा हात लावू नकोस. रोज चार तारा. पाचवी नाही.

जिथे भोक पाडता येतं, खालच्या पंखाला, तिथे पाड. दोरा आरपार काढ, टोकाला कपड्याचा चिमटा लटकव, त्याच्या वजनानं तार आपोआप ताणलेली राहते. फार जड काही लटकवू नकोस, नाहीतर वरचा पंख वाकेल. त्या रिगरला जी भीती होती तीच तुलाही आहे, माप तेवढं लहान.

पंधरा दिवस लागतील. लागू देत. तू या विमानावर पाच महिने घातलेस, त्यात पंधरा दिवस जड झाले? बिघडली तर दाखवायला आण. तुटलेली तार घेऊन आलास तर मी एक अक्षर बोलणार नाही. पण सबब घेऊन दारात उभा राहू नकोस.

ती पाटी मी काढून ठेवतो. माझ्या खणात राहील. शेवटची तार लागली की येऊन ने.

आणि आता ती बारीक कात्री घे, आणि डावीकडचे ते दोन दोरे माझ्यासमोर काप.